डॉक्टर सांगतील

बोईसरला एमआयडीसीच्या वाटेवरच्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, एक्सरेच्या खोलीत हा माणूस सापडतोच. "शर्ट काढा, चेन काढा, हनुवटी वर. श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." पेशंटानं कपडे चढवता चढवता "कसा आलाय हो?" विचारलं, की ठरलेलं उत्तर: "डॉक्टर सांगतील."

नियमच आहे तो. तंत्रज्ञानं फोटो काढायचा, निदान करायचं नाही. पण आमच्या सोसायटीतल्या एक्सरेवाल्या काकांनी हा नियम घरी आणलाय. काकूंनी विचारावं, आमटीत मीठ बरोबर आहे का? काका वाटी ट्यूबलाइटच्या उजेडात धरतात आणि गप्प बसतात. पुतणीसाठी मुलगा बघायला पालघरला गेले होते. परत आल्यावर सगळे भोवती जमले. "पोझिशन चांगली होती. हलला नाही. बाकी डॉक्टर सांगतील." त्या सोयरिकीत लांबलांबपर्यंत डॉक्टर नव्हता. लग्न होऊन मूल झालं, रिपोर्ट अजून यायचाय.

8 नोव्हेंबरला काका पेढे वाटतात. 1895 साली त्या दिवशी रॉन्टगेनला एक्सरेचे किरण सापडले. मग त्यानं बायकोच्या हाताचा फोटो काढला, तोही अंगठीसकट. अंगठी काढायला लावली नाही, हा काकांचा पहिला आक्षेप. फोटो बघून बाई म्हणाली म्हणे, मला माझं मरण दिसलं. दुसरा आक्षेप इथं: "तिनं स्वतः रिपोर्ट वाचायला नको होता."

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून शेजारीच, त्यामुळे रेडिएशन हा आमच्याकडे पानटपरीवरचा विषय. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्याच केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी आणि काकांनी, दोघांनीही छातीवर रेडिएशनचा डोस मोजणारा टीएलडी बिल्ला लावून नोकरी केली. काकांचा अजून दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. कोणाच्या बिल्ल्यावर कमी डोस यायचा, यावरून जिन्यात दोघांची तावातावानं जुंपते. मध्येच कोणीतरी विचारतं, मग धोका जास्त कोणाला? दोघंही गप्प.

कबूल करायला जड जातं, पण या माणसाचा सगळा गप्पपणा खोटा नाही. कारखान्यांतली पोरं वार्षिक तपासणीला रांगेनं येतात. ओडिशाची, बिहारची, आपल्या जव्हार-मोखाड्याचीही. पूर्वी डार्करूममध्ये फिल्म धुऊन हाती येईपर्यंत थोडा वेळ तरी मिळायचा. आता चार-पाच सेकंदांत छाती समोर पडद्यावर येते. डाग असला तर सगळ्यांत आधी काकांना दिसतो; पोरगं त्या वेळी बटणं लावत असतं. फुप्फुस साफ असलं की काका खेकसतात, "चला, पुढचा!" आणि तसं नसलं, की आवाज एकदम मऊ होतो: "सोबत कोणी आलंय का रे? बस जरा. चहा घेतोस?"

गावाला हे कळून चुकलंय. त्यामुळे काकांनी दारात येऊन हसत "चहा घेता का?" म्हटलं, की आमच्या सोसायटीतली धडधाकट माणसंही आधी छातीवर हात ठेवतात.