मधल्या चक्राचा मोठेपणा

दंतचक्रमालेचे कोडे दिसायला अत्यंत निरुपद्रवी असते: कागदावर लहानमोठी पाच-सहा दातेरी चक्रे एकमेकांना खेटून काढलेली असतात, पहिल्या चक्रावर एक बाण असतो आणि शेवटचे चक्र कोणत्या दिशेने व किती वेगाने फिरेल, एवढेच विचारलेले असते. स्पर्धापरीक्षांच्या बुद्धिमापन चाचण्यांत हे कोडे अधूनमधून डोकावते, आणि ते डोकावले की एरवी गंभीर दिसणारे परीक्षार्थी हवेत तर्जनी गरगर फिरवू लागतात, मान तिरपी करतात आणि तिसऱ्या चक्रापाशी पोहोचेपर्यंत पहिले कोणत्या बाजूला फिरत होते हे विसरून पुन्हा मुळापासून आरंभ करतात. या तर्जनीपद्धतीचा मुख्य दोष असा की तर्जनीला दाते नसतात.

दाते हाच तर सगळ्या व्यवहाराचा पाया आहे. दोन चक्रे जेथे एकमेकांत अडकतात, त्या जागेवरून एका मिनिटात एका चक्राचे जितके दाते सरकतात तितकेच दुसऱ्याचेही सरकावे लागतात, कारण मध्येच एखादा दाता गाळून पुढे जाण्याची सवलत यंत्रशास्त्रात कोणालाही नाही. त्यामुळे १२ दात्यांचे चक्र ३६ दात्यांच्या चक्राला फिरवीत असेल, तर लहान्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा कोठे मोठ्याची एक पुरी होते, आणि दात्यांच्या या प्रमाणालाच दंतगुणोत्तर म्हणतात. मोठ्या चक्राची चाल अशी मंदावली म्हणून त्याची कीव करण्याचे कारण नाही. घर्षणात वाया जाणारा भाग सोडला, तर आस फिरविणारा त्याचा जोर तिप्पट झालेला असतो.

येथवर शाळकरी मुलालाही अडचण येत नाही. अडचण येते ती कोडेकार या दोन चक्रांच्या मध्ये ६० दात्यांचे एक भले थोरले चक्र आणून बसवितो तेव्हा. सोडविणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्या थोराड चक्राकडे जाते, आणि एवढा मोठा ऐवज मध्ये आहे तर शेवटचे चक्र आता अगदीच रेंगाळणार, असा त्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षात १२ कडून ६० कडे जाताना वेग एकपंचमांश होतो, ६० कडून ३६ कडे जाताना तो पाचतृतीयांश पटीने वाढतो, आणि या दोहोंचा गुणाकार केला की उत्तर पुन्हा तेच, एकतृतीयांश, येते. मधले चक्र ६० दात्यांचे असो, २० चे असो वा २०० चे, हिशेबात ते एकदा वर आणि एकदा खाली येऊन स्वतःलाच खोडून टाकते. अशा चक्राला मध्यस्थ चक्र म्हणतात. मांडवभर फिरणारा आणि सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा, पण ज्याच्या फिरण्याने मुहूर्त एका पळानेही मागेपुढे होत नाही, असा एक नातेवाईक प्रत्येक लग्नघरात असतो. मध्यस्थ चक्र हा यंत्रातील तोच नातेवाईक होय. त्याच्या अंगी दोन गुण मात्र मान्य करावे लागतात: ते दूर असलेल्या दोन आसांची गाठ घालून देते, आणि शेवटच्या चक्राची दिशा उलटवते.

मधल्या चक्रांचा आकार निरर्थक असतो हा सिद्धांत पाठ करून जो विद्यार्थी निश्चिंत होतो, त्याच्यासाठी कोडेकाराजवळ संयुक्त चक्र नावाचे दुसरे अस्त्र असते. यात एकाच आसावर दोन चक्रे पक्की बसविलेली असल्यामुळे दोघांच्या फेऱ्या समान, पण दाते निरनिराळे असतात. १२ दात्यांनी ६० ला फिरवावे, त्याच आसावरील दुसऱ्या १२ दात्यांनी ३६ ला फिरवावे, म्हणजे वेग थेट एकपंधरांशावर येतो आणि मधल्या मंडळींना प्रथमच खरे वजन प्राप्त होते. अमेरिकन शिल्पकार आर्थर गॅन्सन याने हीच गुणाकाराची युक्ती निर्दयपणे ताणली. मळसूत्रासारखे आटे असलेली दांडी, म्हणजे वर्म, पन्नास वेळा फिरली की तिला जोडलेले चक्र एकदा फिरते, अशा बारा जोड्या त्याने एकापुढे एक लावल्या. पहिली दांडी फिरविणारी मोटर मिनिटाला सुमारे २०० फेऱ्या घेते. शेवटच्या चक्राला एका फेरीसाठी दोन लाख कोटींहून अधिक वर्षे लागतात. त्यामुळे शेवटचा आस काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्का गाडलेला असूनही मोटर बिनदिक्कत फिरत राहते, आणि तिला अद्याप कोणी काही सांगितलेले नाही.

वेगाचे असे, दिशेचा नियम मात्र आकाराकडे ढुंकूनही पाहत नाही. शेजारच्या दोन चक्रांपैकी एक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे सव्य, फिरत असेल तर दुसरे अपसव्य फिरते, म्हणून फक्त चक्रे मोजावीत (एकाच आसावरची दोन एकच धरावीत); एकूण संख्या विषम असेल तर शेवटचे चक्र पहिल्याच्याच दिशेने जाते. हे सव्यापसव्य सरळ रांगेत सुखाने चालते. पण रांगेचे टोक वळवून पहिल्या चक्राला भिडविले आणि संख्या विषम निघाली, तर शेजारी असलेल्या पहिल्या व शेवटच्या चक्रांना एकाच दिशेने फिरावे लागते. ते शक्य नसल्यामुळे सगळे कडे जागच्या जागी अडकते, मग चक्रे कोणत्याही आकाराची असोत.

या नियमाचे सर्वांत प्रतिष्ठित उल्लंघन धातूत कोरलेले आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली चलनात आलेल्या दोन पौंडांच्या नाण्यावर लोहयुगापासून इंटरनेटपर्यंतची तांत्रिक प्रगती एकात एक वर्तुळांनी दाखविली असून, औद्योगिक क्रांतीच्या वाट्याला एकमेकांत अडकलेल्या दंतचक्रांचे कडे आले आहे. ब्रूस रशिन या कलाशिक्षकाच्या त्या रचनेत चक्रे आहेत एकोणीस. ज्या क्रांतीने जगाला गरगर फिरविले, तिचे हे स्मारक एक दाताही पुढे सरकू शकत नाही. त्यातही नाण्याच्या कडेवर दिग्गजांच्या खांद्यांवर उभे राहण्याविषयीचे न्यूटनचे वचन आहे, आणि न्यूटन तर १६९६ पासून ही नाणी पाडणाऱ्याच टांकसाळीचा अधिकारी आणि १६९९ पासून तिचा प्रमुख होता. एक चक्र अधिक किंवा एक उणे असते तरी भागले असते. पण रशिन यांनी चित्र काढले होते, यंत्र नव्हे, आणि चित्र म्हणून ते देखणे आहे यात वाद नाही. २०१५ पासून नव्या नाण्यांवर ब्रिटानियाची आकृती आली. जुनी एकोणीस चक्रांची नाणी मात्र अजून चालतात, आणि त्यांवरील चक्रे फिरत नाहीत म्हणून कोणी त्यांचे दोन पौंडांहून कमी देत नाही.