किकही तुम्हीच, गिअरही तुम्हीच

माननीय तहहयात अध्यक्षसाहेब,



आपल्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबाच्या परवाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपली पुन्हा एकदा बिनविरोध निवड झाली, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. सभेला मी नव्हतो, म्हणजे होतो, पण चुकीच्या जागी. नोटिशीत वेळ सकाळी दहाची होती. सव्वादहाला मंगल कार्यालयात पोचलो तर तिथे कुणाचा तरी साखरपुडा चालू. मुलाकडचा समजून मला पेढाही मिळाला. मागाहून कळलं, की दहाला कोरमअभावी सभा तहकूब झाली आणि साडेदहाला 'त्याच ठिकाणी', म्हणजे आपल्या गॅरेजात, पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे आपल्याला तोंडपाठ. तेव्हा आपण, आपले चिरंजीव आणि आपला मेकॅनिक अशा तिघांनी सगळे ठराव एकमताने मंजूर केले. मेकॅनिक सभासद नाही, पण चहा त्यानं आणला होता, सहीपुरता तो चालतो.

मुख्य ठराव होता 'जुनी गाडी' कुणाला म्हणायचं याचा. मागच्या जुलैत आपण लेकीकडे अमेरिकेला गेलात, मिड-ओहायोच्या ट्रॅकवर जुन्या मोटरसायकलींचा मेळा पाहिलात आणि येताना तिकडची नियमावली घेऊन आलात, तेव्हाच आमच्या पोटात गोळा आला होता. तशी नियमावली शहाणी आहे. तिकडच्या जुन्या मोटोक्रॉसमध्ये सस्पेन्शनचा खेळ पुढे सात इंच आणि मागे चार इंच, त्यापुढे नाही. १९७४च्या सुमारास कारखान्यांनी मागचे शॉक जागचे हलवून चाकाला जास्त खेळ दिला आणि कालपर्यंत जिंकणाऱ्या गाड्या बघता बघता भंगारात निघाल्या. त्या भंगाराला पुन्हा धावता यावं, म्हणून ही टेप लावून मोजायची भानगड. त्यातच आणखी एक सवलत आहे: गाडी नंतर बनलेली असली तरी घडण जुनीच असेल तर चालेल. आपण सात इंच आणि चार इंच ओहायोतच ठेवलेत, सवलत तेवढी बॅगेत घातलीत.

आपल्याकडे मर्यादा १९८० सालची होती, ती आता १९८५ झाली. यामाहा आरएक्स १०० नेमकी १९८५ साली आली. चिरंजीवांची आरएक्स १९९५ची आहे खरी, पण 'घडण तीच', त्यामुळे ती जुनी. राजदूत ३५० मात्र १९८३ सालची असूनही बाद, कारण २५० सीसीच्या वर नको, असं आपल्याला सभेच्या आदल्या रात्री वाटलं. आपल्यात अशी एकच राजदूत मातीत उतरते आणि ती माजी सचिवांची आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

माझी वैयक्तिक तक्रार नाही. माझी येझदी १९७८ची, २५० सीसी, कुठल्याही ठरावात बसते. तिला दांडी एकच. आत दाबून वर फिरवली की ती किक, पुन्हा खाली आणली की तोच गिअर. नवखा माणूस गाडी चालू करतो आणि गिअर कुठंय म्हणून खाली बघत बसतो. क्लबातही नवा सभासद असाच बघत बसतो. अध्यक्ष तुम्ही, खजिनदार तुम्ही, शर्यतीआधी गाड्या तपासणार तुम्ही, आणि निकालावर हरकत असेल तर ती पाचशे रुपये भरून तुमच्याकडेच नोंदवायची. किकही तुम्हीच, गिअरही तुम्हीच. फरक एवढाच, की येझदी त्यावर चालते.

माजी सचिवांना हे वाचून गुदगुल्या होत असतील, तर त्यांनाही सांगतो. तुम्ही वेगळा गट करून जाताना इतिवृत्ताची वही आणि शिक्का घेऊन गेलात. आता धर्मादाय आयुक्तांकडे दोन बदल अर्ज पडलेत. विश्वस्त कायद्याचं कलम २२ म्हणतं नव्वद दिवसांत कळवा, तुम्ही दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच काही वेळेत केलंत. अर्ज दोन, कार्यकारिणी दोन, आणि बँकेनं खातं गोठवलं ते मात्र एकच.

म्हणून गेल्या महिन्यात एकाच रविवारी दोन शर्यती झाल्या. आपल्याकडे मातीत उतरणारी माणसं नऊ. चार इकडे, चार तिकडे, नववा मी. मी सकाळी, अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे धावलो आणि दुपारी नंबरप्लेट बदलून त्यांच्याकडे, त्यामुळे मला दोन्ही गटांत गद्दार म्हणतात. तुमच्या शर्यतीत पंधराशे रुपये वाचवायला पाण्याचा टँकर रद्द केला होता. ट्रॉफ्या मात्र अकरा, कारण पाच गाड्यांचे चार वर्ग. सुटल्या सुटल्या पहिल्या वळणावर असा फुफाटा उठला, की मला समोरच्याचा मडगार्डही दिसेना, नुसता टू-स्ट्रोकचा वास आणि आवाज. आवाज डावीकडून येतोय म्हणून मी उजवीकडे वळलो आणि वाचलो. आमचे एक मित्र, वय ६३, टेबलटॉपच्या उंचवट्याच्या पायथ्याशी पडले होते. त्यांच्या अलीकडे पिवळा झेंडा दाखवायला जो मार्शल उभा हवा, तो त्या वेळी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायला गेला होता. मागचा त्यांच्या अंगावर गेला नाही, ते त्याचे ब्रेक लागले म्हणून. ड्रम ब्रेक, साहेब, लागले हेच नशीब. कॉलरबोन मोडलं. अँब्युलन्स होती, तिच्यापुढे आपली मोटार लावलेली होती.

त्यांना दवाखान्यात बघायला आपण गेलात, माजी सचिवही गेले. दोघांनी त्यांना पाठिंब्याचं पत्र मागितलं. उजवा हात गळ्यात होता, म्हणून दोघांनाही मिळालं नाही.

अध्यक्ष आपणच राहा. फोटो, पुष्पगुच्छ, लेटरहेड सगळं ठेवा. फक्त ट्रॅकवर टँकर आणि वळणावर माणूस आमचा आम्हाला ठेवू द्या. तेवढ्यासाठी ठराव नको.

आपला,
सभासद क्रमांक १४ (वर्गणी दोन्हीकडे भरलेली)

ता. क. : शर्यत सुटायला आडवी लावायची सायकलची ट्यूब, झेंडे आणि स्टॉपवॉच क्लबाच्या शेडमध्ये अडकलेत. किल्ली आपल्याकडे आहे असं ते म्हणतात, त्यांच्याकडे आहे असं आपण म्हणता. येत्या रविवारी सकाळी सातला मी कुलूप कापणार आहे. शेडला वीज नाही, तेव्हा ज्याच्याकडे हॅकसॉ असेल त्यानं ती आणावी, गट कुठलाही चालेल.