९० सेकंदांचा होम

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. आता सायकल कारच्या पाठीवर बांधून टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेतात आणि तिथे चालवतात. व्यायाम हवाच ना! सिग्नलचा आकडा ९० वरून उतरत असतो, पण इंजिन बंद करणं म्हणजे घराण्याला बट्टा. एवढा वेळ थांबायचं तर बंद इंजिनच स्वस्त, हे पेट्रोलचा भाव तोंडपाठ असणाऱ्यांना कोण सांगणार? आमचे शेजारी कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला कार काढतात आणि खोकत परततात. ‘हवा फार बिघडलीय हो!’ पीयूसी मात्र चोख, घडीसुद्धा न मोडलेली. मेट्रो २०२२ पासून धावतेय. त्यांनी पाहिलीये की! खालच्या कोंडीतून, काच खाली करून.