जुनं पान की नवं?
आमच्या साडूंकडे गेलात की चहाच्या आधी पान दाखवतात. विड्याचं नव्हे, फिशटँकमधलं, ॲमेझॉन स्वोर्डचं, कडेने पिवळं पडलेलं. मग काचेवर बोट ठेवून विचारतात, "आता तुम्हीच सांगा, खत घालावं का?"

सांगू नका. माझ्या एका भोळ्या चुलतभावाने "घाला की" म्हटलं होतं. बिचाऱ्याची कर्जतला जाणारी शेवटची लोकल चुकली.

असे साडू तुमच्याकडेही असणार. आमचे डोंबिवलीचे. सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. त्यांनी कर्ज नाकारलं असं कुणी म्हणणार नाही आणि दिलं असंही कुणी म्हणणार नाही; फक्त 'आणखी एक कागद' मागितला. टँकमध्ये गप्पी, निऑन टेट्रा, दगडाला बांधलेलं जावा फर्न, अनुबियास आणि ते स्वोर्ड. शेजारच्या फळीवर क्रॉफर्ड मार्केटातून आणलेली पोटॅशियम-लोहाची बाटली, सील शाबूत. मागच्या दसऱ्याला मेहुणीने पक्कड-हातोडीबरोबर त्या बाटलीवरही झेंडूचं फूल ठेवलं.

साडूंचा मुख्य प्रश्न एकच : "पिवळं पडलंय ते जुनं पान की नवं?"

प्रश्न खोटा नाही, हीच तर पंचाईत. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात हिंडणारी द्रव्यं. ती कमी पडली की झाड जुन्या पानातली काढून कोवळ्या पानाला देतं, आणि म्हातारं पान पिवळं पडतं. पोटॅशियमच्या टंचाईत त्याला बारीक भोकंही पडतात. लोह मात्र एकदा बसलं की सहसा जागचं हलत नाही. ते कमी असलं की नवं पानच फिकट उगवतं, शिरा तेवढ्या हिरव्या. इथवर ठीक. पण हे कळल्यापासून साडूंना जगात पानांशिवाय काही दिसेना. सोसायटीच्या सभेत लिफ्टवरून रण पेटलं, तर हे उठून म्हणाले, "तक्रार जुन्या सभासदांची की नव्या?" भाच्याने नोकरी सोडायचं काढलं, "कंपनीतून कोण चाललेत? जुनी पानं की नवी?" माझे केस गळतात म्हटलं, तर चष्मा कपाळावर चढवून माझ्या टाळूत बघत राहिले.

वाचन दांडगं, म्हणून निर्णय आणखी लांब. अमेरिकेतल्या टॉम बारचं म्हणणं, खतं सढळ घाला आणि आठवड्याला निम्मं पाणी बदला, म्हणजे कशाची उपासमार नको आणि साठाही नको. तिथल्याच डायना वॉलस्टॅडबाईंनी 1999 साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या टँकमध्ये तळाला साधी माती, आणि माशांच्या खाण्यातून-विष्ठेतून मिळेल त्यावर झाडांनी भागवायचं. आमचे साडू सोमवार ते गुरुवार बारांचे, शुक्रवारपासून वॉलस्टॅडबाईंचे. रविवारी नायट्रेटची टेस्ट. काचेच्या नळीतला रंग नारिंगी की गडद नारिंगी, यावर नवरा-बायकोत मतभेद, म्हणून पुढचा रविवार.

मेहुणीने खताचा प्रश्न टँकबाहेर सोडवून टाकलाय. बदललेलं पाणी ती मोरीत ओतत नाही, गॅलरीतल्या जास्वंदीला घालते. जास्वंद बघून या एकदा! डोंबिवलीत तसली दुसरी नसेल.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, ओता की एक झाकण! बाटलीची मुदत संपेल." तेव्हा ते न चिडता म्हणाले, "दिवा मिणमिणता आहे हो माझा. अनुबियासला तेवढा पुरतो, त्याची भूकही बेताचीच. स्वोर्ड खादाड, पण तेही मुळांनी खाणारं. उजेड कमी असताना पाण्यात खत ओतलं, तर ते खाणार कोण? शेवाळ!" मग लीबिगचा नियम सांगितला : जे सगळ्यात कमी, तेच वाढ अडवतं, बाकीचं कितीही ओता. मला उत्तर सुचलं नाही. तोवर चहाही गार झाला होता.

सासरे खंगायला लागले तेव्हा सगळ्यांनी खतंच आणली. मेहुण्याने प्रोटीन पावडर, थोरल्या मेहुणीने च्यवनप्राश, मी कॅल्शियमच्या गोळ्या. टेबलावर औषधाचं दुकान लागलं. साडू रिकाम्या हाताने आले, त्यावर सासूबाईंनी तोंडही वाकडं केलं. हे वही घेऊन सासऱ्यांच्या शेजारी जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबा पोळी खातच नाहीत. तुकडा गालात धरतात आणि मग हळूच रुमालात टाकतात."

कवळी सैल झाली होती. महिनोन्‌महिने हिरड्यांना टोचत होती आणि लोकांना त्रास नको म्हणून म्हातारा बोलला नव्हता. आम्ही सगळे पाणी बघत होतो. त्या माणसाने पान बघितलं. नवी कवळी आली आणि दिवाळीत सासऱ्यांनी चकली मागून घेतली. साडूंचे आभार कुणी मानले नाहीत, कारण ते तेव्हा चकलीत मोहन कमी पडलं की भाजणी जुनी, हे शोधत होते.

हल्ली सासरी कुणाचं काही दुखलं-खुपलं की पहिला फोन साडूंना जातो. मलाही येतो. साडूंचा लागला नाही तर.