भिंतीतलं दिसणारे नाना

जुन्या सोसायटीत चेअरमन बदलतात, सेक्रेटरी बदलतात, वॉचमन तर दर दिवाळीला नवा असतो. बदलत नाहीत ते नाना. ते कुठल्याही कमिटीवर नसतात, पण त्यांच्यावाचून कमिटीचं पान हलत नाही. कारण एकच. इमारतीतले पाण्याचे पाइप कुठून कुठे गेलेत, हे फक्त त्यांना ठाऊक असतं.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे नाना याच जातकुळीचे. इमारत १९८२ची. प्लंबिंगचा नकाशा बिल्डरनं कधी दिला नाही आणि पाइप टाकणारा मिस्त्री केव्हाच गावी गेला. पण बुकिंग केल्यापासून ताबा मिळेपर्यंत नाना दर रविवारी साइटवर हजर असत. गिलावा होण्याआधीच्या उघड्या भिंती पाहिलेला हा शेवटचा माणूस. त्यामुळे गीझर बसवायचा असो की आजोबांचा फोटो टांगायचा असो, ड्रिल चालू करण्याआधी नानांना बोलवावं लागतं. नाना चष्मा कपाळावर चढवतात, डॉक्टर पेशंटची छाती ठोकून बघतात तशी बोटांनी भिंत ठोकतात आणि निदान सांगतात, "इथून वीतभर वर गेलाय, मग डावीकडे वळलाय. पुढे बीम आला ना!" एका भाडेकरूनं न विचारता ड्रिल मारलं आणि हॉलमध्ये कारंजं उडालं, तेव्हा मेन कॉक बंद करायला नानाच धावले. मात्र "मला विचारलं असतंत तर?" हे आधी ऐकवून, मग.

अलीकडे तिसऱ्या मजल्यावर पाण्याची करंगळीएवढी धार यायला लागली. जीआय पाइपांचं वयच झालं होतं. आतला जस्ताचा थर झिजला की लोखंडाला गंज चढतो, पाइप आतून बुजत जातो आणि सकाळची पहिली बादली तांबूस येते. "लोह आहे त्यात," नाना म्हणाले. "डॉक्टर पैसे घेऊन गोळ्या लिहून देतात."

पाइप बदलण्याचा विषय जनरल बॉडीत आला. बाहेरच्या पाइपांचा खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतला सभासदाचा, असं सेक्रेटरींनी उपविधी वाचून सांगितलं. नानांनी शांतपणे विचारलं, "आणि भिंतीतला पाइप? तो आत धरायचा की बाहेर?" सभा तिथेच तहकूब झाली.

पुढच्या सभेत त्यांनी सी क्लासचा मुद्दा काढला. "आपले पाइप साधे नाहीत. सी क्लास आहेत, लाल पट्ट्याचे. असा माल आता मिळत नाही." अखेर प्लंबर बोलावला. ओडिशातल्या केंद्रपाड्याचा पोरगा. त्या जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात, तसा हा पुण्यात आलेला. त्यानं पाना लावून एक जोड सोडवायला घेतला, तर त्याच्या पुढचा जोड हातात आला. त्यानं हातभर तुकडा कापून नानांपुढे धरला. पट्टा लाल होता की निळा हे ठरवायला पाइपच पुरेसा शिल्लक नव्हता. आत गंजाची अशी पुटं चढली होती की पेन्सिल जाईना. नानांनी तो तुकडा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "उजेड दिसतोय की अजून!"

सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे पाइप टाकायचं ठरलं. आता आटे पाडणं नाही, सुतळी नाही, सफेदा नाही. सोल्युशन लावायचं, पाइप फिटिंगमध्ये घालून जरा फिरवायचा, की झालं काम. नाना हिंदीत उतरले, "गरम पानी से ये वितळेगा नहीं क्या?"

"९३ डिग्री तक चलता है, काका."

"और ९४ हुआ तो?"

पोरानं हातातला ब्रश खाली ठेवला.

पण नानांचं खरं दुखणं प्लास्टिक नव्हतं. नवी लाइन भिंतीतून जाणार नव्हती. डक्टमधून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली येणार होती. पोरानं वर मोबाइल काढून जुन्या लाइनीचे फोटो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नाना कळवळून म्हणाले, "फोटो कशाला? मैं हूँ ना!" ज्या माणसाला विचारल्याशिवाय सोसायटीत खिळा ठोकला जात नव्हता, त्याची विद्या आता कुणीही खिडकीतून वाकून वाचणार होतं.

काम चाललं तेवढे दिवस नाना सकाळी गच्चीवर जात आणि दिवेलागणीला उतरत. आधी टीका करायला, मग "एल्बो कमी वापर, प्रेशर पडतं" असं बजावायला. त्यात तथ्य होतं, आणि ते पोरानंही मानलं. पुढे पुढे थर्मासमधून चहा जाऊ लागला. 'मिस्त्री'चा 'बाळ' झाला.

पाणी आता तिसऱ्या मजल्यावरही धो धो येतं. गच्चीवर टाकीपाशी प्रत्येक लाइनीला स्वतंत्र बॉल व्हॉल्व आहे आणि प्रत्येक व्हॉल्ववर मार्करनं नाव लिहिलेलं आहे. पोरानं ते स्वतःच्या सोयीनं उडियात लिहिलं. तो पुढच्या साइटवर निघून गेला आणि मग कमिटीच्या लक्षात आलं, की कुठला व्हॉल्व कुणाचा हे अख्ख्या सोसायटीत एकाच माणसाला वाचता येतं. चहा पिता पिता त्यानं ते शिकून घेतलंय.

"नाना, ती नावं मराठीत लिहून घेऊ या का?" सेक्रेटरींनी परवा जिन्यात विचारलं.

"घेऊ की!" नाना प्रसन्नपणे म्हणाले. "पुढच्या जनरल बॉडीत विषय घ्या."