आमचे सुलभक सर

तालुक्यात प्रशिक्षण लागलं की शिक्षकांच्या घरी एकदम लग्नं निघतात. कुणाची कंबर धरते, कुणाची लांबची आत्या अत्यवस्थ होते. आमच्या मराठीच्या सरांचं मात्र उलटं. आदेश शाळेत पोचायच्या आधीच त्यांची पिशवी भरून तयार असते. चार्टपेपरची गुंडाळी, स्केचपेनांचे डबे, चिकटपट्टी, सुतळी, शिट्टी, कुठल्याही शाळेच्या सॉकेटला बसेल असं अडॅप्टर आणि न फुगवलेले फुगे. पन्नाशी उलटलेला माणूस इतके फुगे नेतो म्हणून स्टेशनरीवाला आधी नातवाची चौकशी करायचा. आता नुसतं विचारतो, "या खेपेला कुठलं प्रशिक्षण, सर?"

असे एक सर प्रत्येक तालुक्यात असतात. कागदोपत्री ते 'तज्ज्ञ मार्गदर्शक', पण स्वतःला ते सुलभक म्हणवतात. "मी शिकवायला आलेलो नाही, आपण सगळे सहप्रवासी आहोत," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यानंतर सहप्रवाशांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड उघडायला मिळत नाही. मधूनच कुणी पेंगलं की "चला, एक पाऊस टाळी!" मग निवृत्तीला आलेली माणसं आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी तळहातावर टपटप करत वळवाचा पाऊस पाडतात.

बाकीच्यांची प्रशिक्षणाशी ओळख आयुष्यात दोनदाच मनापासून होते. बारा वर्षं भरली की वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षं भरली की निवडश्रेणीसाठी, कारण प्रमाणपत्राशिवाय पगार वर सरकत नाही. सरांच्या दोन्ही श्रेण्या कधीच होऊन गेल्या, तरी ते जातातच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकानं वर्षाला पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सुस्कारे सुटले. सर म्हणाले, "पन्नासच?"

प्रशिक्षण वरून खाली येतं. पुण्यात कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या इमारतीत ते ताजं असतं. तिथून डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, डाएटहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राच्या शिक्षण परिषदेत पोचेपर्यंत सकाळची चहापूड संध्याकाळी चौथ्यांदा उकळल्यासारखी त्याची गत होते. सर त्यात पदरची साखर घालतात. शिवाय "परवा कुमठेकर रस्त्यावर गेलो होतो तेव्हा" असं बोलण्याच्या ओघात दोनदा तरी येतं. येऊ द्यावं. एवढ्या बसगाड्या बदलून गेलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.

हल्ली त्यांच्या डोक्यात नेतृत्व शिरलंय. भाषेच्या शिक्षकांसाठी नेतृत्व विकासाचं काहीतरी झालं, तिथून ते परतले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्हा प्रत्येकाच्या हातात एक फुगा आणि एक टाचणी. "शेवटी ज्याचा फुगा शाबूत, तो जिंकला. सुरू!" पुढच्या मिनिटात स्टाफरूममध्ये लवंगी फटाक्यांची माळ लागली. सगळे फुगे फुटल्यावर सर समाधानानं म्हणाले, "दुसऱ्याचा फोडा असं मी म्हणालो होतो का? कुणीच फोडला नसता तर सगळेच जिंकले असते." हा खेळ आम्ही त्यानंतरही खेळलोय आणि दर वेळी फुगे फुटलेत. तात्पर्य सर्वांना पाठ आहे, पण विज्ञानाच्या मॅडमचा फुगा फोडायची संधी वर्षात दुसरी येत नाही.

मग 'शिवाजी म्हणतो' झालं. ऐकण्याचं कौशल्य तपासायला. मुख्याध्यापक पहिल्याच फेरीत बाद. आदेश ऐकायची सवयच गेलेली.

मी गणिताचा, त्यामुळे त्यांच्या एका वाक्याशी माझं हाडवैर आहे: "चुकीचं उत्तर असं काही नसतंच." मी म्हटलं, सर, सात आठे चोपन्न म्हणणाऱ्या पोराला मी काय सांगू? ते शांतपणे म्हणाले, "तो त्या उत्तरापर्यंत कसा आला, ते विचारा." विचारलं. शेजारच्याचं बघून आला होता. सरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला, "म्हणजे सहअध्ययन!"

गंमत म्हणजे चुकीचं उत्तर नसलं तरी चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ मात्र असतो. प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणारं पत्र ते आधी लाल पेननं तपासतात. तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर एकदा वरच्या साहेबांनी श्रद्धांजली टाकली. पंचवीस जणांनी हात जोडले, सरांनी खाली शुद्ध रूपं लिहिली.

नेतृत्वाच्या पुस्तिकेत कामं वाटून देण्याबद्दल एक प्रकरण होतं. ते त्यांना फार भिडलं, आणि का भिडलं ते शाळेत काम केलेल्याला सांगायला नको. मराठीचा शिक्षक म्हणजे शाळेचं बिनपगारी लेखन खातं. फलकावरचा सुविचार त्याचा, सूत्रसंचालन त्याचं, मानपत्र, निरोपाचं भाषण, शोकप्रस्ताव, पाहुण्यांचा परिचय सगळं त्याचंच. मुख्याध्यापक ज्या उत्स्फूर्त भाषणासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत तेही सरच आदल्या रात्री लिहून देतात. तर सरांनी ठरवलं की यंदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाचं सूत्रसंचालन दुसऱ्यानं करायचं. काम गेलं पीटीच्या सरांकडे. त्यांनी माइक हातात घेतला आणि सवयीनं "सावधान!" म्हणाले. पाहुण्यांसकट सगळे उठून उभे राहिले. कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालून झाल्यावर "विश्राम." तोवर पडद्यामागून बारीक आवाज यायला लागला होता. पीटीचे सर एक वाक्य म्हणायचे, त्याआधी तेच वाक्य पडद्यामागून ऐकू यायचं. शेवटच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, माइकचा प्रतिध्वनी आहे. संध्याकाळी सर म्हणाले, "मी कुठे काय केलं? मी फक्त सुलभन केलं."

घरी त्यांच्या पत्नीनं पुस्तिकेतलं तेच प्रकरण वाचलं आणि दळण त्यांच्याकडे दिलं. त्यावर ते जाहीरपणे बोलत नाहीत.

पण रात्री नवाच्या पुढे सरांच्या घरी गेलात तर ते फोनवर असतात. २०२० साली राज्यात सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्यानं ती वर सरकली. कायदा झाला, पण शहरातल्या चकचकीत शाळेत अख्ख्या स्टाफमध्ये मराठीची बाई एकटीच, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी नाही, आणि पालक विचारतात की याचा पुढे उपयोग काय. अशा एका मॅडमना कुठल्याशा प्रशिक्षणात सरांचा नंबर मिळाला. त्यांनी तो दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला. सर त्यांना 'ळ' म्हणता न येणाऱ्या पोरांसाठी खेळ सुचवतात, कृतिपत्रिका जुळवून देतात, पालकसभेत काय बोलायचं ते लिहून देतात. "ताई, घाबरू नका, तुम्ही तिथं एकट्या नाही," असं म्हणतात आणि तासभर फोन ठेवत नाहीत. यात चार्ट नाही, फुगा नाही, पाऊस टाळी नाही. या तासांचं प्रमाणपत्र कुणी देत नाही, आणि पन्नास तासांत ते धरले जातात असंही नाही. मी एकदा तसं म्हटलं, तर सर म्हणाले, "छे हो, ते काय प्रशिक्षण आहे का? नुसत्या गप्पा."

आठवीत आलेल्या, तरी जोडाक्षराला अडणाऱ्या चार पोरांना ते मधल्या सुट्टीत घेऊन बसतात, तेही त्यांच्या हिशेबात गप्पाच.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. त्यांच्या निरोपाचं भाषण कोण लिहिणार यावर स्टाफरूममध्ये अजून कुणी ब्र काढलेला नाही, पण सरांनी मसुदा तयार ठेवलाय असं मुख्याध्यापक खासगीत सांगतात.

तोवर तालुक्याला प्रशिक्षण निघेलच. तुम्हाला आदेश आला तर जा, आणि जागा पुढची धरा. मागच्या बाकावर बसून मोबाइल बघता येईल अशा भ्रमात राहू नका. पहिला फुगा ते मागच्या बाकालाच देतात.