ईसीयूच गेला!

देपालपुरात गाडी कुठेही बंद पडो, बॉनेटची कडी सुटायच्या आत काका हजर. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे तहसिलीचं गाव, सोयाबीन आणि गव्हावर चालणारं. होळकरांच्या अमदानीत लेखणी घेऊन माळव्यात आलेली मराठी घरं जागोजाग टिकून आहेत, त्यातलंच काकांचं एक. काकांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली ती खसरे-खतौनीच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या, कागदांवर. इंजिनाशी संबंध एवढाच, की निवृत्तीनंतर गॅरेजमधल्या बाकड्याचं एक टोक त्यांच्या नावावर चढलं.

कार्ब्युरेटरच्या काळात काकांचं निदान होतं, "कचरा आलाय." ते बहुतेक वेळा खरंही ठरे, कारण तेव्हा कचरा खरंच यायचा. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला आणि काकांची पंचाईत झाली. त्या अडचणीच्या दिवसांत कोणीतरी त्यांच्या कानावर ईसीयू हे नाव घातलं. इंजिन चालवणाऱ्या संगणकाची चपटी ॲल्युमिनियमची डबी. आतलं दिसत नाही, उघडून कळत नाही आणि किंमत ऐकली की गाडीवाला गप्प होतो. आळ घ्यायला याहून सोयीचं काही सापडणं कठीण. तेव्हापासून गाडी झटके मारो की धूर ओको, काकांचा निकाल ठरलेला: "ईसीयूच गेला, भिया."

एसी थंड करत नव्हता, ईसीयू गेला. दिवाळीच्या पाडव्याला गौतमपुऱ्याहून बारूद भरलेल्या फळांचं हिंगोट युद्ध बघून परतलेली गाडी सुरू होईना, "बारुदाच्या धुराने ईसीयू गेला." टायर पंक्चर झाला तेव्हा मात्र काका क्षणभर विचारात पडलेले लोकांनी पाहिले आहेत.

गॅरेजचा उस्ताद तरुण आहे आणि सोशिक. "काका, आप चाय पियो," म्हणत तो आपल्या क्रमाने जातो. आधी बॅटरी: उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आहे का, आणि स्टार्टर मारताना फार कोसळते का. मग अर्थिंगची पट्टी, फ्यूज, मेन रिले. त्यानंतर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर. एकदा पडद्यावर आलं, पी-0335. उस्ताद म्हणाला, क्रँक सेन्सरचं सर्किट.

"सेन्सर सांगतो कोणाला?" काकांनी विचारलं.

"ईसीयू को."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. उस्तादाने गाडीखाली शिरून सेन्सरची वायर बाहेर ओढली, तर ती उंदराने कुरतडलेली. सोयाबीनच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार! डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून गाडी पंधरा मिनिटांत सुरू झाली. काका म्हणाले, "वायर उंदराने खाल्ली हे मान्य. पण ईसीयू ठणठणीत असता तर खाऊ दिली असती?"

इंदूरजवळच्या पिथमपूरला 2021 मध्ये 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला. तिथे कंपन्या गाड्या तपासायला आणतात. आपल्याला अजून बोलावणं आलं नाही, याचा काका अधूनमधून उल्लेख करतात. रागाने नव्हे, खात्याच्या दिरंगाईबद्दल बोलावं तसा.

आणि मग एका थंडीत ते घडलं. एका शेतकऱ्याच्या डिझेल गाडीची बॅटरी उतरली होती. मुलाने शेजारच्या ट्रकवरून केबल जोडली. ट्रकचं काम 24 व्होल्टवर, गाडीचं 12 वर. चावी फिरवली तर पिवळा दिवासुद्धा लागेना. स्कॅनर एअरबॅगशी बोलत होता, ब्रेकशी बोलत होता, इंजिनाच्या डबीशी मात्र अबोला. उस्तादाने कनेक्टर काढून मीटर लावला: डबीपर्यंत 12 व्होल्ट येत होते, अर्थिंग पक्कं होतं, पण डबीने सेन्सरांना द्यायचे 5 व्होल्ट कुठेच नव्हते. झाकण उघडल्यावर जळकट वास आला आणि बोर्डाच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग दिसला.

उस्ताद हळूच म्हणाला, "काका, इस बार सच में ईसीयू है."

सगळं गॅरेज काकांकडे बघू लागलं. काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मी 2010 पासून हेच सांगतोय."

इंदूरहून भंगारातल्या गाडीची डबी आली. लेबलवरचा नंबर आकड्याला आकडा जुळलेला. गाडी सुरू झाली आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. चावीचा दिवा लुकलुकत राहिला. हे इमोबिलायझरचं काम. डबीच्या स्मरणात आपल्याच चावीची खूण असते. परकी चावी दिसली की ती इंधन तोडते. काका म्हणाले, "सगोत्र स्थळ आणलंत, लग्न मोडणारच." शेवटी लॅपटॉपवाला पोरगा आला. जळक्या बोर्डावरची मेमरीची चिप नशिबाने शाबूत होती. तिच्यातला मजकूर त्याने वाचून घेतला आणि नव्या डबीत उतरवला. गाडी एका चावीत लागली. नारळ काकांनी फोडला.

जळकी डबी काकांनी मागून घेतली. ती आता बाकड्यावर त्यांच्या शेजारी असते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला पुरावा म्हणून दाखवली जाते. त्यानंतरच्या कुठल्याही गाडीत ईसीयू गेलेला नाही. एकीत मायनसची पट्टी सैल होती, एकीत रिले चिकटला होता आणि एकीत डिझेलच नव्हतं. काकांचा निकाल प्रत्येक वेळी आधी लागलेला होता.

तुमची गाडी त्या बाजूला बंद पडली, तर आधी बॅटरीच्या पट्ट्या घासून आवळा आणि ट्रकवाल्याने केबल पुढे केली तर नमस्कार करून परत द्या. काकांना नंतर विचारलंत तरी चालेल. सूर्यास्तापर्यंत ते तिथेच असतात.